फेटा कोणाच्या हातचा

लोक गाडी करून, तिकीट काढून सेमाडोहला वाघ बघायला जातात. माझी बायको तिथल्या शाळेत शिकवते, म्हणजे वाघाच्या गावात पगारावर राहते. शनिवारी अमरावतीला येते, रविवारी पुन्हा घाट चढते. तिची बदली खाली मैदानात, निदान चांदूर बाजारपर्यंत व्हावी, एवढंच आमच्या घरचं मागणं. ते भाऊंच्या एका शब्दावर अडलं होतं. भाऊ म्हणजे आमच्या भागातून नुकतेच निवडून आलेले पुढारी.

त्यामुळे भाऊंच्या सत्काराचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं, तेव्हा मला झोप लागेना. मी कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवतो आणि माईक हातात आला की मला धरून ठेवणं कठीण. बायकोनं निघताना बजावलं, "पोपचं नाव काढायचं नाही. राजाचंही नाही. शाल म्हणा, श्रीफळ म्हणा आणि खाली बसा."

मी कबूल केलं. अगदी मनापासून.

घोटाळा स्टेजवर नाही, स्टेजच्या मागे झाला. अकोल्याजवळच्या एका मठाचे महाराज भाऊंना फेटा घालणार होते. महाराज सांगतील तिकडे गावंच्या गावं मतं देतात. भाऊ निवडून आले ते त्याच जोरावर, असं महाराजांचे शिष्य सांगत फिरत होते. भाऊ पडद्याआड येरझाऱ्या घालत होते.

"सर, महाराजानं फेटा घातला का उद्या लोक म्हनतीन, खुर्ची महाराजानंच देल्ली. आन नको म्हनाव तं पाप लागते. तुमी इतिहासाचे मानूस, सांगा न काहीतरी!"

आता भुकेल्या माणसापुढे ताट वाढायचं आणि त्यानं हात आवरावा म्हणायचं, हा कुठला न्याय?

"एक होता फ्रान्सचा बादशहा," मी आवाज खाली आणून म्हणालो. "त्यानं पोपला रोमहून पॅरिसला बोलावून घेतलं. भव्य चर्च, धुपाचा दरवळ, झाडून सगळा दरबार. आता पोप मुकुट चढवणार म्हणून लोकांनी माना उंचावल्या. आणि बादशहानं मुकुट स्वतः उचलला न् स्वतःच्याच डोक्यावर ठेवला!"

"आन पोप?"

"पोपनं आशीर्वाद दिला. काय करणार? सैन्य बादशहाचं."

भाऊंच्या येरझाऱ्या थांबल्या आणि डोळे चमकले.

स्टेजवर महाराजांनी फेटा उचलला. भाऊंनी वाकून नमस्कार केला, फेटा त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. रेडिमेड फेटा एक माप मोठा होता, थेट भुवयांवर येऊन थांबला. मी माईकवर ओरडलो, "टाळ्या!" महाराज हसले, आशीर्वादाचा हात वर केला आणि न जेवता निघून गेले.

ते न जेवणं भारी पडलं. भाऊंच्या दारातली चपलांची रास कमी होऊ लागली. त्यात जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या. बदलीचं तर कोणी नावही काढेना. दर शनिवारी बायको पिशवी खाली ठेवायच्या आत विचारायची, "काही कळलं?" आणि मी उगाच खिडकीशी जाऊन उभा राहायचो.

एका दुपारी भाऊंचा फोन. "सर, तुमच्या त्या बादशहानं मंग पुढं काय केलं?"

"तो एका बेटावर कैदेत मेला, भाऊ."

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग, "हे पयले नाही सांगा लागत होतं का?"

"तुम्ही विचारलं नाही."

"दुसरा एखांदा नाही का? बरा?"

होता. मला काय तोटा! जर्मनीचा एक राजा. पोपनं त्याला धर्माबाहेर काढलं आणि त्याचे सरदार फिरले. तेव्हा तो डोंगर ओलांडून पोप होता त्या किल्ल्याच्या दाराशी गेला आणि भर बर्फात तीन दिवस अनवाणी उभा राहिला. पोपला माफ करावंच लागलं.

"मी बरफ कोठून आनू?"

"भाऊ, मठ अकोल्याला आहे. आणि हा एप्रिल महिना आहे."

मठासमोरच्या तापलेल्या फरशीवर भाऊ भर दुपारी अनवाणी उभे राहिले. मला सोबत नेलं होतंच. एकेक पाय आळीपाळीनं उचलत ते पुटपुटले, "सर, त्या राजाले तं गारवा होता!" मी सावलीत उभा होतो, पण माझेही पाय जागेवर ठरत नव्हते.

अखेर महाराज बाहेर आले. स्वतः तांब्यानं भाऊंच्या पायांवर पाणी घातलं. मग माझ्याकडे वळले.

"हे सारं तुमचंच डोक्सं न? घरी कोन असते तुमच्या?"

"कोणी नाही, महाराज. बायको सेमाडोहला शिक्षिका आहे."

महाराज भाऊंना म्हणाले, "याच्या बायकोची बदली करून टाक बावा. घरी आयकाले कोनी नाही, म्हनून हा गावभर सांगत फिरते."

भाऊंनी मान हलवली.

ऑर्डर निघते आहे, सहीला आहे, आज येईल, उद्या येईल, असं चाललंय. काल बायको मेथी निवडत बसली होती आणि भाऊंचा फोन आला. आवाज चिडलेला. "सर, महाराज आता उठता-बसता हुकूम सोडून राहिले. याले घे, त्याले काढ. त्या बरफातल्या राजाचं पुढं काय झालं, सांगा बरं?"

पुढं काय झालं, ते मला पाठ आहे. राजानं सैन्य जमवलं, रोमवर चालून गेला, आपला दुसरा पोप गादीवर बसवला. पहिला पोप परक्या गावात मेला. काय शेवट आहे! सगळं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. समोर बायकोनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि नुसतं बोट वर केलं.

"सुखानं राज्य केलं, भाऊ," मी म्हणालो.

फोन ठेवला. फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो.

"खरं काय झालं हो?" तिनं विचारलं.

मग मी उभ्यानं, हातवारे करून, पोपचा आणि राजाचा आवाज वेगळा काढून सगळं सांगितलं. तिनं एकदाही मध्ये तोडलं नाही. डोळे मात्र बारीक झाले होते.

"झकास आहे," ती मेथी पुन्हा हातात घेत म्हणाली. "पण माझी ऑर्डर हातात पडेपर्यंत तो राजा बर्फातच उभा राहू द्या."