मी बांधलेला काळा दोरा

नागपूरला जायचं ठरवून मी दोनदा तिकीट रद्द केलं होतं. एकदा ऊन फार म्हणून, एकदा संत्री अजून बाजारात आली नाहीत म्हणून! माझी भाची पल्लवी तिथे दिलेली. तिच्या सासूबाई दर फोनवर विचारायच्या, "कवा येता?" केवढी माया, असं मला वाटायचं.

डिसेंबरात गेले एकदाची. पुण्याहून गाडी सकाळी पोचते. स्टेशनबाहेर तीस रुपयांत तर्री पोहे हाणले, नाकाडोळ्यांतून पाणी! तिथून ऑटोनं मनीषनगरला पल्लवीच्या घरी. स्वेटर न्याच, तिथली थंडी बोचते.

सासूबाईंनी चहासुद्धा न विचारता नऊ महिन्यांची ओवी माझ्या मांडीवर ठेवली आणि तिचा मोजा काढला. अगं आई गं! घोट्यात काळा दोरा रुतलेला, खाली पाऊल सुजून जांभळं. दृष्ट लागू नये म्हणून तो मीच बारशाला बांधला होता, एका जत्रेतून आणून.

"कापला का नाही?" मी किंचाळलेच.

"कापू कशी? ज्यानं बांधला त्यानंच सोडा लागते, नाही तं पीडा लेकराले लागते. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

"गेल्या चार दिवसांतच सूज आली गं मावशी," पल्लवी रडत म्हणाली. "तू येणारच होतीस ना, म्हणून थांबलो."

मी ओवीला उचललं, त्या दोघी मागोमाग. तशीच ऑटो करून धंतोलीतला दवाखाना गाठला. डॉक्टर कात्री लावणार तोच सासूबाई आडव्या आल्या, "आधी या बाईचा हात लावू द्या!" डॉक्टर भडकले. वाद घालायला वेळ कुठे होता? मी कात्रीला बोट लावलं.

"सुती दोरा कुजून गळतो. हा नायलॉनचा आहे," डॉक्टर म्हणाले. "आणखी दोन दिवसांनी आला असतात तर पाऊल गेलं असतं."

पाऊल वाचलं. वण राहील म्हणे. बाकीचे तीन दिवस मी कुठेही हिंडले नाही, त्यामुळे काय बघावं ते मला विचारू नका. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

घरी येऊन बॅगसुद्धा उघडली नाही. त्याच जत्रेतले दोरे मी आणखी पाच घरच्या बाळांना स्वतः बांधले होते. एकेका आईला फोन लावला, आत्ताच्या आत्ता कापा म्हटलं. चौघींनी कापले.

पाचवी म्हणाली, "अहो, तुम्हीच या ना. तुमच्याच हातानं सोडा."

मी कात्री घेतली आणि चप्पल न घालताच जिना उतरले.