काडीपास गादी

११ मार्च २०२४, सोमवार. रक्कम एक हजार चारशे चाळीस रुपये. माल, कापसाची गादी, लहान, एक नग. दादाभाऊंनी पोटच्या लेकीच्या नावाने बिल फाडलं ते आयुष्यात एकदाच, या रकमेचं.

पिंपळवंडीच्या दादाभाऊंचं आळेफाट्यावर गाद्या आणि सीट कव्हरचं दुकान आहे. त्यांच्यासारखी सरळ शिवण साऱ्या जुन्नर तालुक्यात नाही, असं गाडीवाले सांगतात. पण दादाभाऊंचं नाव झालं ते शिवणीने नाही, काडीने झालं.

१९९३ साली त्यांचा पहिला मुलगा गोकुळ दोन वर्षांचा होता. दुपारी निजलेल्या पोराजवळ डासांची कॉइल लावलेली होती. तिचा निखारा फोमच्या गादीवर पडला. त्याची आई सरूबाई दारातच धुणं वाळत घालत होत्या. त्या आत धावेपर्यंत गादी अर्धी वितळली होती. पोर तिसऱ्या दिवशी गेलं. त्या गादीचा फोम दादाभाऊंनीच दुकानातून घरी आणला होता.

तेव्हापासून त्यांनी काडी हातात धरली. नारायणगावच्या मिश्रीलाल शेठच्या गोदामात जुन्या फोमचे गठ्ठे यायचे. कुठल्या परदेशी सोफ्याचा, कुठल्या मोडलेल्या मोटारीचा फोम, सगळा एकात एक दाबलेला. दादाभाऊ एकेक तुकडा काढून पायरीवर धरायचे आणि काडी लावायचे. भडकला तर तो गाड्यांच्या सीटला. काळा पडून आपोआप विझला, तर तो काडीपास. काडीपास माल त्यांनी कधी विकला नाही. तो वेगळ्या पोत्यात राहायचा आणि फक्त तान्ह्या लेकरांच्या गाद्यांत जायचा. नात्यागोत्यात, ओळखीपाळखीत कुणाकडे पाळणा हलला की दादाभाऊंची गादी फुकट पोहोचायची. लग्नकार्यात लोक चेष्टा करायचे, "दादाभाऊ आले, मंडपाला काडी लावून बघतील राव." ते हसायचे. मनात म्हणायचे, हसा, तुमची पोरं सुखरूप झोपतात ना.

गोकुळ गेल्यावर दोन वर्षांनी झालेली हर्षाली घोडेगावला दिली. २०१८ साली तिचं बाळंतपण माहेरी झालं. बाळंतविड्यात टोपडी, दुपटी होतीच, पण दादाभाऊंनी त्या गादीसाठी चार गठ्ठे उपसले. एकेका तुकड्याला तीन-तीन काड्या लावल्या. पिवळ्या खोळीवर सरूबाईंनी बदकं भरली. त्या गादीवर हर्षालीची श्रेया अडीच वर्षं झोपली, रांगली, तिची कड चोखत बसली. हर्षाली कौतुकाने फोटो पाठवायची.

श्रेया बोलायला फार उशिरा लागली. आता सहा वर्षांची झाली तरी मोजकेच शब्द. थायरॉइडची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी.

२०२३ च्या दिवाळीत दादाभाऊ शेठकडे माल आणायला गेले होते. शेठची नात सिद्धी पुण्याला रसायनशास्त्र शिकते, ती सुटीला आली होती. शेठने तिला कौतुकाने काडीची गोष्ट सांगितली. ती ऐकून पोरगी म्हणाली, "भाऊ, फोम आपोआप विझतो म्हणजे त्यात औषध घातलेलं असतं. आग लागू नये म्हणून."

"औषध म्हंजी चांगलंच की," दादाभाऊ म्हणाले.

"टोमॅटोवर मारता तेही औषधच म्हणता ना, भाऊ?"

मग तिने समजावून सांगितलं. ते फोममध्ये पक्कं बसून राहत नाही, हळूहळू बाहेर येतं, घरच्या धुळीत मिसळतं. रांगणाऱ्या मुलाचे हात धुळीत आणि तेच हात तोंडात. त्यातली काही औषधं थायरॉइडला आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक म्हणून कितीतरी देशांनी बंद केली. माल मात्र जुना, तो फिरत फिरत इथे येतो. दादाभाऊंनी एकच विचारलं, नातीचं हे त्यानेच झालं का. सिद्धी म्हणाली, ते कुणीच सांगू शकणार नाही. पुण्याच्या डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं. हो म्हणाले असते तर दादाभाऊ रडून मोकळे झाले असते.

त्यांनी ते पोतं पुन्हा उघडलं नाही. आठवून आठवून वहीत नावं लिहिली, एकूण त्रेचाळीस लेकरं. कापूस पिंजून आणला, नव्या गाद्या भरल्या आणि स्कूटरवर बांधून गावोगाव निघाले. जुनी द्या, नवी घ्या. खोडदच्या भरतने पोराला हाक मारून शेजारी उभं केलं. पोरगं त्याच्या खांद्याला लागत होतं. "याला झोपवता का आता तुमच्या गादीवर?" असं म्हणून तो हसला, आणि दादाभाऊंचा चेहरा पाहून घरात जाऊन मुकाट्याने गादी घेऊन आला. कुणी कुत्र्याला घातली होती, कुणी दुसऱ्या बाळाला दिली होती. सतरा परत मिळाल्या. त्या जाळायच्या नाहीत, ओढ्यात टाकायच्या नाहीत, असं सिद्धीने बजावलं होतं. दुकानामागच्या खोलीत त्या कुलूप लावून ठेवल्यात.

वहीतलं पहिलं नाव श्रेयाचं होतं. तिथे ते सगळ्यात शेवटी, फेब्रुवारीत गेले. सरूबाई म्हणत होत्या, नका सांगू, सांगून पोर का बरी व्हणार हाये? दादाभाऊंनी सांगितलं. हर्षालीने सगळं ऐकून घेतलं, माळ्यावरून बदकांची गादी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि आत गेली. चहा जावयाने केला. त्यानंतर महिनाभर तिचा फोन नाही.

११ मार्चला ती श्रेयाला घेऊन एसटीने दुकानात आली. कापसाची गादी हवी म्हणाली. दादाभाऊंनी तिच्यासाठी भरून ठेवलेली गादी फळीवरून काढली.

"बिल करा, दादा."

"लेकीला कसलं बिल, बाळा?"

"मागची फुकट होती."

दादाभाऊंनी बिलबुक ओढलं. ते लिहीत होते तेवढ्यात श्रेयाने गल्ल्यावरची काडेपेटी उचलली. पूर्वी ती आली की आजोबा फोमला काडी लावून दाखवायचे, फोम विझला की ती टाळ्या वाजवायची. तिने पेटी हलवून त्यांच्यापुढे धरली.

"काडी," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली.

हर्षालीने तोंड रस्त्याकडे फिरवलं. दादाभाऊंनी पेटी घेऊन खिशात टाकली. श्रेया टाळ्यांसाठी हात जवळ घेऊन तशीच उभी राहिली.

हर्षालीने पाचशेच्या तीन नोटा गल्ल्यावर ठेवल्या. गल्ल्यात सुटे नव्हते. दादाभाऊ शेजारच्या दुकानातून आणायला उठले, तोवर घोडेगावची गाडी लागली होती. तिने एका काखेत गादी घेतली, दुसऱ्या हाताने श्रेयाला धरलं आणि गाडीत चढली.

त्यानंतर ती आलेली नाही. दादाभाऊ तिचे साठ रुपये देणे लागतात.