तोंडावरचा हात

नव्वदच्या दशकात माझ्या मुलाच्या दातांना तारा होत्या. त्या आवळून घ्यायला आम्ही सांगलीहून दर महिन्याला मिरजेला जायचो. दवाखान्यात उंब्रजहून एसटीनं आलेली एक बाई भेटायची. मी तिला नाव सोडून सगळं विचारलं असेल.

तिच्या लेकीलाही तारा होत्या. तारा आवळल्यावर चावता यायचं नाही, म्हणून बाई डब्यात दूधभाकरी कुस्करून आणायची. पोरगी हसली की तिचा हात तोंडावर जायचा. बाई लगेच दटावायची, "हात!"

एकदा मी म्हणाले, "अहो, लहान आहे. राहू द्या की."

बाई नेहमीसारखी पदर तोंडाशी धरूनच बोलली, "आवं ताई, दात माझ्यावर गेल्यात, ते डाक्टर बघत्याल. पर ह्यो हातबी माझ्यावरच गेलाय. त्येला तारा कुठनं आणू?"

तारा निघाल्या त्या दिवशी पोरगी आरशात बघून सगळे दात दाखवत हसली. हात मांडीवरच राहिला. ते बघून बाईलाही हसू फुटलं आणि पदर आपसूक तोंडावर गेला.

आरशातूनच पोरगी म्हणाली, "आई, हात!"