कपाटाआडचा अँटेना

माझ्या हातून एक लबाडी झाली, आणि ती मी महिनाभर कुणाला सांगितली नाही. बायकोला ठाऊक होती. पण तिला सगळंच ठाऊक असतं.

मी राजारामपुरीत फ्लॅटमध्ये राहतो, थोरला भाऊ पेठ वडगावात. दोघांकडं हौशी रेडिओचं लायसन आहे. रोज संध्याकाळी सातला दादा सेटवर हाक मारायचा. बोलायचं बटण दाबून म्हशीच्या धारेपासून सुरुवात. तो बटण सोडेपर्यंत समोरच्याला तोंड उघडता येत नाही, आणि दादा बटण सोडत नाही.

टेबलावरच्या सेटचा अँटेना मोडला म्हणून नवा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "पावणं, ह्यो लोहचुंबकाचा घ्या. खिडकीत लोखंडी तवा ठिवायचा, त्यावर बसवायचा. वडगाव काय, फुडं बी जातंय की."

मी मुद्दाम वीतभर रबरी अँटेना घेतला आणि टेबल लोखंडी कपाटाआड सरकवलं, म्हणजे आवाज धड पोचायचा नाही. दुकानदाराला मी चिक्कू वाटलो. वाटू दिलं. खरं कारण एवढंच, की मला दादाचा कंटाळा आला होता. झालं, लिहिलं एकदाचं.

"दादा, तुटक येतंय रे," मी पडेल आवाजात म्हणायचो. महिनाभर सुखाचा गेला.

मग वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यास्नी वाटतंय आपल्याच अँटेनात खोट हाय. पत्र्यावर चढून पाईप वाढवला, गुडघा सुजलाय. रविवारी परत चढणार म्हणत्यात. तुमी तरी सांगा की!"

दुसऱ्या दिवशी तोच दुकानदार गाठला. त्यानं हसत लोहचुंबकाचा अँटेना काढून दिला. बायकोनं तवा दिला, "आता भाकरी काय तुमच्या सेटवर भाजू?" असं विचारूनच.

सातला दादाची हाक आली. हाक मारून त्यानं क्षणभर बटण सोडलं, तेवढ्यात त्याला म्हशीपर्यंत पोचू न देता मी माझं दाबलं आणि सगळं सांगितलं. कपाट, रबरी अँटेना, कंटाळासुद्धा. शेवटी म्हणालो, "तू चढू नकोस. ओव्हर."

मी बटण सोडलं.

मग दादाचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. "आवाज झकास येतोय. आता ऐक. हितं सगळी ऐकत्यात, आन् लायसनवर शिव्या चालत न्हाईत. फोन उचल."

फोन वाजला. मी उचलला आणि तासभर ऐकत राहिलो.