झिपरीचं नख

...पंजा कोमट पाण्यातून बाहेर काढला आणि झिपरीनं एकदम पंख उघडले. घमेलं कलंडलं. मिठाचं पाणी ओटीभर झालं.

"टावेल घे, टावेल..." आई ओरडल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. झिपरी म्हणजे आमची कोंबडी. डोक्यावर विस्कटलेला तुरा, म्हणून झिपरी.

तिला टॉवेलात गुंडाळलं. पंख अंगाशी, पण छाती मोकळी... छातीवर दाब आला की कोंबडीला श्वास घेता येत नाही. मग डोक्यावर एक काळं फडकं टाकलं. अंधार झाला की ती थांबते. पाय सैल पडतात.

"माज्या पोराला बी कदी आसं गुंडाळलं नवतं गो," आई म्हणाल्या.

ही कालची दुपार. शहापूरहून मुरबाडकडे जाताना आमचं गाव लागतं. झिपरीच्या तळपायात काटा गेला होता, आत पू धरला होता. शहापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं... रोज शेक, रोज सफाई, रोज पट्टी.

एरवी आई कोंबड्यांचे लाड करत नाहीत. या वेळी मात्र न सांगता पाणी तापवायच्या, मीठ टाकायच्या, पाय धरून बसायच्या. मला बरं वाटत होतं.

या दिवसांत एक गोष्ट कळली. कोंबडी नुसत्या फडक्यानं शांत होत नाही. ती मांडीवर बसून आपला श्वास ऐकत असते. आपण घाई केली की ती लाथ मारते. म्हणून मी सावकाश श्वास घ्यायचे आणि मानेखाली अंगठा फिरवत राहायचे.

काल सूज उतरली होती. पण कडेच्या बोटाचं नख काळं पडून हलत होतं, खाली पू. डॉक्टरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, काढून टाका, नाहीतर बोट जाईल... मग पाय. मी उकळलेला नेलकटर उचलला.

"नख नको काढू गो."

"का?"

"ऱ्हाऊंदे. नखाबिगर चालत नाय."

"कोणाला चालत नाही?"

आई झिपरीच्या पायाकडे बघत राहिल्या. "देवीला. कोंबडी अंगानं पुरी लागते."

मला आधी कळलंच नाही... मग कळलं.

हात गार पडले. माझ्या आधी ते झिपरीला समजलं. तिनं लाथ मारली, फडकं घसरलं, आणि तिचा गोल नारिंगी डोळा माझ्याकडे बघू लागला.

आईंनीच फडकं उचलून परत तिच्या डोक्यावर घातलं. मग तुटक तुटक सांगितलं. कल्याणला माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्या गावदेवीपुढे उभ्या राहिल्या होत्या. सून धडपणी घरी येऊंदे, कोंबडी देईन. त्याच आठवड्यात अंड्यातून निघालेलं हे पिल्लू त्यांनी देवीला बोललं.

मी घरी आले. दिवसभर ओटीवर पडून असायचे. तेच पिल्लू येऊन माझ्या पोटाशी बसायचं...

"तू नाव ठेवलंस तिला. मंग कसं सांगू?"

पहिल्या वर्षी गावदेवीचा दिवस आला तेव्हा आई म्हणाल्या, लहान आहे अजून. पुढच्या वर्षी म्हणाल्या, अंडी घालतेय. मी ही वाक्यं ऐकली होती. ती कोणाला उद्देशून आहेत हे कधी विचारलं नाही.

"आणि यंदा?"

"यंदा द्यायाचीच. लय लांबलं. तुज्यावर आलं मंजे?"

"दुसरी द्या ना, आई."

"बोललेली ती बोललेली."

म्हणजे इतके दिवस आम्ही दोघी एकच पाय बरा करत होतो... मी तिनं चालावं म्हणून, आणि आई ती देवीला चालावी म्हणून. आणि त्या दोन्हींच्या मुळाशी मीच होते.

माझा यावर विश्वास नाही. हे म्हणायला सोपं आहे. पण मी तिकडे शुद्धीवर नसताना माझ्यासाठी देवीपुढे उभी राहिलेली बाई समोर बसली होती. तिच्यापुढे ते वाक्य तोंडातून निघेना.

मी पुन्हा सावकाश श्वास घेऊ लागले. झिपरी हळूहळू सैल झाली. नखाखालून पू टॉवेलवर उतरत होता.

आईंनी हात पुढे केला. माझ्यासारखाच तिच्या मानेखाली अंगठा फिरवला.

"दुखत आसंल का गो तिला?"

"हो."

समोरच्या रस्त्यानं मुरबाडची एसटी गेली. धूळ खाली बसली. मग आईंनी झिपरीचा पाय घट्ट धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काप. मी नाय बघत."

नख सहज निघालं. झिपरीनं आवाजसुद्धा केला नाही. आयोडीन, गॉज, चिकटपट्टी. ते नख कागदावर पडलं होतं... भाताच्या तुसाएवढं. आईंनी त्याची पुडी केली आणि आत नेली. संध्याकाळी आम्ही दोघीही नीट जेवलो नाही.

आज सकाळी चहाच्या आधी आई देवीला गेल्या. पिशवीत नारळ होता आणि ती पुडी. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "सांगून आले. काय आसंल तं माज्यावर येऊंदे."

मग त्यांनी अंगणात कण्या टाकल्या. झिपरी पट्टीचा पाय टेकत आली आणि टिपू लागली.