हिरव्या मोज्यांचे साहेब

मोजेसाहेबांवर काहीतरी लिहा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. शाळेतले जुने सहकारी म्हणाले, बायको म्हणाली. दर वेळी मी चष्म्याचं नाहीतर पाठीचं कारण पुढे केलं. खरं कारण निराळं होतं. साहेबांबद्दल लिहायला बसलं की साखरा गावातला तो दिवस आलाच असता, आणि तो दिवस गाळून लिहिलं तर ते साहेबांचं नव्हे, माझ्या सोयीचं चित्र झालं असतं. आता पंच्याहत्तरी उलटली. सोय पुरे झाली.

साहेब जवळा बाजार या गावी जनावरांचे डॉक्टर होते आणि मी तिथल्या शाळेत मास्तर. भिंतीला भिंत लागून आमची घरं. दिसायला हा माणूस कुठल्याही सरकारी माणसासारखा. पांढरा शर्ट, राखी पँट, काळे बूट. पण बूट काढले की आतून पोपटी रंग बाहेर यायचा. नाहीतर जांभळा, नाहीतर वांगी रंगावर बारीक पिवळे ठिपके. गोठ्यात जायचं तेव्हा गमबूट असत, आणि त्या चिखलाने माखलेल्या गमबुटातून लाल टाच आणि लाल चवड्याचा निळाशार मोजा निघाला की आजारी म्हशीचा मालक म्हैस विसरायचा.

एकदा एक शेतकरी घाबरून म्हणाला, "साहेब, ते लाल मोजे झाका हो. बैल बिथरंल माझा."

"बैलाला रंगाचं काही न्हाई बाबा," साहेब इंजेक्शन भरता भरता म्हणाले. "बिथरून तर तूच राहिला."

हा छंद त्यांना कसा लागला ते मला कधी कळलं नाही. मी विचारलं होतं. "वरचं सगळं सरकारचं अन् लोकांचं गुरुजी," ते म्हणाले, "घोट्यापासून खाली तेवढा मी." लहान वयात लग्न झालं होतं, बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते बोलत नसत. मोज्यांबद्दल मात्र वाटेल तितकं बोलत.

आठवडी बाजारात मोज्यांचा ढीग टाकून एकजण बसायचा. साहेब उकिडवे बसून तो ढीग उपसत. मोज्यात हात घालून बोटं फाकवायची आणि उन्हात धरायचं. टाचेतून ऊन दिसलं की तो मोजा बाद. मग उलटा करून अंगठ्याजवळची शिवण चाचपायची, तिथे गाठ लागली की तोही बाद. रबर ओढून सोडायचं, ते चटकन जागेवर आलं पाहिजे पण पायावर वळ उठता कामा नये. उंची पोटरीपर्यंत हवी. "खुर्चीत बसल्यावर पँट अन् मोजा यांच्या मधून नडगी दिसली, का माणूस उघडा पडला," असं त्यांचं म्हणणं. निव्वळ सुती मोजा घसरतो, निव्वळ नायलॉनचा पाय उकडून काढतो, म्हणून सुतात थोडं नायलॉन पाहिजे, इतकं सगळं त्या बाजारवाल्याला सांगून झाल्यावर ते काहीच न घेता उठत. चारी बाजूंना कापूस पिकतो आणि धड मोजा मिळत नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं. त्यांचे मोजे नांदेडहून नाहीतर हैदराबादहून येत.

तो बाजारवाला एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, एवढी तकलीफ काहून घेता? मोजा तर बुटात ऱ्हातो. बघतं कोण त्याला?"

साहेब म्हणाले, "बूट उंबऱ्याच्या बाहेर ऱ्हातो भाऊ. घरात मोजाच जातो."

हे मात्र बिनतोड होतं. आपल्याकडे लग्न असो, पंगत असो की कुणाची चौकशी, माणूस सतरंजीवर मांडी घालून बसतो आणि त्याचे पाय चारचौघांत उघडे पडतात. आम्ही सगळे भोकं लपवायला पाय मांडीखाली घेत असू. साहेब एकटेच पाय पुढे काढून बसत.

मोजे ते स्वतः धुवत. रबर ताणू नये म्हणून चवड्याला चिमटा लावून दोरीवर जोडीजोडीने वाळत घालत. गल्लीत त्या दोरीला साहेबांचं तोरण म्हणत. या तोरणातला एक जांभळा मोजा आमच्या शेळीने खाल्ला. साहेब रोजच्या संध्याकाळच्या चहाला आमच्या ओसरीत बसले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत. बायको काठी घेऊन धावली तर साहेबांनी आधी तिला अडवलं, मग शेळीचं पोट चाचपलं आणि म्हणाले, "मारू नका ताई. सूत जास्त होतं त्यात. पचंल." पुढे ते एका पायात तो उरलेला जांभळा आणि दुसऱ्यात पिवळा घालून हिंडले. मी म्हणालो, "साहेब, टाका आता तो एकटा." ते म्हणाले, "जोडीदार गेला म्हणून उरलेल्याला फेकून देते का कोणी?" मी हसलो. त्यांच्या बोलण्यावर हसायची मला सवयच लागली होती.

आता साखरा.

साहेबांनी पुन्हा घर मांडावं असं माझ्या बायकोच्या मनात होतं. सेनगावकडच्या एका दवाखान्यात एक नर्सबाई होत्या. त्याही एकट्या पडलेल्या, वयाने साहेबांना शोभतील अशा. त्यांचे भाऊ साखऱ्याला शेती करत. बोलणं लावलं ते मीच, मध्यस्थही मीच. जायच्या दिवशी साहेब दारात उभे, पायांत पोपटी मोजे.

"आज तरी काळे घाला की," मी म्हणालो.

"तोरण तर रोज दिसणार त्यांना. आजच दिसू द्या. फसवाफसवी नको."

वाटेत मोटारसायकलवर ते एकदा मागे वळून म्हणाले, "जमलं तर बदली मागून घेतो गुरुजी, सेनगावकडं." ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. वारा फार होता.

साखऱ्याच्या ओसरीत सतरंजी अंथरली होती. साहेबांनी बूट काढले आणि आत बसलेली सगळी सोयरीमंडळी बोलायची थांबली. एका म्हाताऱ्याने चष्मा पुसून पुन्हा लावला. साहेब पाय पुढे काढून निवांत बसले. पोहे आले, चहा आला, मग बाई येऊन समोर बसल्या. शिक्षण, नोकरी झालं. सोयरे पुन्हा चहाकडे वळले. तेव्हा बाईच म्हणाल्या, "मोजे कुठून घेतले?"

साहेबांचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी टाच, शिवण, रबर सगळं सांगितलं. बाई मन लावून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "आमाला पांढऱ्याशिवाय दुसरं चालत न्हाई ड्यूटीवर. दिवसभर उभं ऱ्हाऊन वळ उठतेत." साहेब म्हणाले, "तुमचं रबर कडक हाय. मी आणून देतो." सोयरिकीच्या बैठकीत मोजे आणून द्यायचं वचन दिलं जात होतं आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

मग बाईंच्या भावाने मला खूण करून गोठ्याकडे नेलं. हे असतंच. मुलाकडच्या मध्यस्थाला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारायचा आणि त्याने एका शब्दात उत्तर द्यायचं. त्या वेळी मध्यस्थ खोकत नाही, आभाळाकडे बघत नाही, आणि हसत तर मुळीच नाही. तो हसला म्हणजे त्याला खात्री देता येत नाही असं समजून पुढचे लोक सोयरीक सोडून देतात. मी आधी दोन-चार लग्नं जमवली होती. मला हे चांगलं ठाऊक होतं.

"गुरुजी, तुमच्या शब्दावर हाय सगळं," भाऊ म्हणाला. "माणूस डोक्यानं बराबर हाय ना?"

आणि मी हसलो.

मला शेळी आठवली, हे खरं. एका पायात जांभळा, एका पायात पिवळा घालून चाललेले साहेब आठवले, हेही खरं. पण हसू आवरल्यावर "व्हय, बराबर" म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी म्हणालो, "तसा चांगला हाय." त्या क्षणी माझ्या डोक्यात साहेबांचं घर नव्हतं. त्यांची बदली झाली की संध्याकाळी मी चहा कुणाबरोबर प्यायचा, हे होतं. इतकी लहान गोष्ट होती ती.

साखऱ्याहून निरोप आला नाही. साहेबांनी बरीच वाट पाहिली. एका संध्याकाळी कप खाली ठेवून विचारलं, "काहून कळवलं नसंल हो त्यांनी?"

मी म्हणालो, "तुमच्या मोज्यांनीच घात केला, दुसरं काय."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून काळे मोजे सुरू झाले. तोरणावर नुसता काळा रंग. बायकोने मला घाबरून विचारलं, "साहेबांच्या घरी कुणी वारलं का हो?"

संध्याकाळचा चहा मला मिळाला. साहेब पूर्वीसारखेच येत, बसत, बोलत. पाय मात्र मांडीखाली घेत.

पुढे दोघं निवृत्त झालो. ते आपल्या गावी कुरुंद्याला पुतण्याकडे गेले, मी हिंगोलीला आलो. एकदा दवाखान्यात रक्तदाब तपासायला रांगेत बसलो होतो, तर शेजारच्या बाईंनी मला ओळखलं. त्याच नर्सबाई. केस पांढरे झालेले. त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. "ते हिरव्या मोज्यांचे साहेब कसे हायेत?" त्यांनी विचारलं. "मला तर मोज्यांवरूनच माणूस पसंत पडला होता. पण भाऊ म्हणाला, मध्यस्थच हसला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझा रक्तदाब त्या दिवशी फार निघाला.

त्यानंतर मी मोजे शोधायला लागलो. साहेबांना तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं, म्हटलं हातात काहीतरी असावं. हिंगोलीत दुकानामागून दुकान पालथं घातलं. काळे, पांढरे, कातडीच्या रंगाचे. "काका, आता घोट्याखालचेच चालतेत," एक दुकानदार म्हणाला. दुसऱ्याने अस्वलाचं तोंड छापलेले काढले. नातीने मोबाइलवरून मागवून दिले. चित्रात सुंदर होते. हात घालून उन्हात धरले तर टाचेतून पाण्याच्या टाकीसकट हिंगोली दिसली. शेवटी नांदेडच्या एका जुन्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने शिडी लावून वरच्या फळीवरचं खोकं काढलं. मोहरीच्या रंगाचा मोजा, टाच आणि चवडा हिरवा. मी बोटं फाकवली, शिवण चाचपली, रबर ओढून सोडलं. मालक बघतच राहिला.

कुरुंद्याला गेलो तेव्हा हळद शिजवून अंगणभर वाळत घातली होती. साहेब कडेला बाजेवर, पाय उघडे, सुजलेले. मी पुडी हातात दिली. त्यांनी मोजा काढला, हात घातला, उन्हात धरला. "वा! टाच बघा गुरुजी, टाच! ऊन यायला जागा न्हाई." मग पायांकडे बघून म्हणाले, "माझ्या न्हाई चढत आता. तुमी घाला. घाला, मला बघू द्या."

मी त्यांच्यासमोर बसून ते मोजे घातले. ते इतके हसले की घरातून पुतण्याची बायको बाहेर आली. आता सांगायचं, असं मी ठरवलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुमी तेव्हा मोज्यांचं तोंडावर सांगितलं, बरं केलं बघा. खरं सांगणारं माणूस एकच होतं माझ्यापाशी."

मी तोंड मिटलं. चहा प्यालो. बस आली.

आमची शेळी माझ्यापेक्षा सरळ होती. तिने मोजा त्यांच्या देखत खाल्ला होता, आणि त्यांनी तिला तिथल्या तिथे माफ केलं होतं.

पावसाळा लागायच्या आत साहेब गेले. तेरवीला मी तेच मोजे घालून गेलो. मांडवाच्या दारात बूट काढले तशी माणसं बघायला लागली. कुणीतरी कुणाला कोपराने डिवचलं. मी सतरंजीवर बसलो आणि पाय पुढे काढले. समोर साहेबांचा हार घातलेला फोटो होता, छातीपर्यंतचाच. नांदेडला मोजे घेतले तेव्हापासून पाठ करत आणलेलं वाक्य मी मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. साहेब, मोज्यांचा काही दोष नव्हता. मी हसलो होतो. मला माफ करा.