तांबडं पाखरू, पिवळं पाखरू

आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर पाखरू पिवळं! इथवर आलो होतो काल, आणि नेमके तुम्ही जांभया द्यायला लागलात. पुढचं पोटात ठेवून मला झोप लागेल होय? थोडं मागून घेतो, म्हणजे काल नव्हते त्यांनाही कळेल.

माझा भाचा, बहिणीचा थोरला, गाड्यांच्या गॅरेजात रंग जुळवायचं काम करतो. सव्वीस वर्षं झाली. ठोकर बसलेली गाडी आली की डेंटर तिचा पत्रा ठोकून सरळ करतो, आणि मग तेवढ्याच तुकड्याला रंग द्यायचा असतो. तो बाकीच्या गाडीशी असा मिळाला पाहिजे की गाडीवाल्यानेच विचारावं, लागली कुठे होती हो? रंगाच्या डब्यावर नंबर असतो, नाही असं नाही. पण तो नंबर नव्या गाडीचा. उन्हात दहा वर्षं उभी राहिलेली गाडी नंबराला कुठली जुमानतेय? तिथे माणसाचा डोळाच लागतो. भाचा वाटीत रंग कालवतो, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बोटाने ओढतो, आणि मागच्या दाराबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात धरतो. ट्यूबलाइटखाली पाहिलेला रंग त्याला मान्यच नाही. "मामा, ट्यूबखाली सगळे रंग सख्खे भाऊ दिसतात," म्हणतो. गॅरेजात त्याला सगळे शेडमास्तर म्हणतात.

तर त्या मागच्या दाराबाहेर जुन्या टायरांची रास, एक पडकी भिंत आणि एक उंच झाड. दिवसातून वीस वेळा पुठ्ठा घेऊन बाहेर जाणारा माणूस, त्याची नजर वर जाणारच. तसा त्याला पाखरांचा नाद लागला. लोक पाखरांची नावं पाठ करतात, हा त्यांचे रंग कालवतो! कपाटाच्या दाराला आतून पुठ्ठ्याचे तुकडे ओळीने डकवलेत, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात कृती. एका हिरव्याखाली लिहिलंय, 'पिवळा भरपूर, निळा बेताने, काळ्याचा नुसता वास.' तो पोपट. नवं पाखरू दिसलं की स्वारी दिवसभर शीळ घालत काम करते. मला नावं विचारू नका. आमच्या शाळेच्या पुस्तकात कावळा, पोपट आणि मोर, एवढ्यावर पक्षी संपत होते.

एका सकाळी त्या झाडावर त्याला एक नवंच पाखरू दिसलं. चिमणीएवढं, पण अंगाने सडपातळ, शेपूट लांब. डोकं काळं कुळकुळीत आणि पोट असं तांबडं, की भाच्याने एक गाडी अर्धी सोडून तासभर तोच रंग कालवला. पाखरूही गुणाचं, पुनःपुन्हा त्याच फांदीवर यायचं. शेवटी जुळला. दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत पुठ्ठा घेऊन बाहेर गेला, तर फांदीवर तेच पाखरू, तोच बांधा, तीच शेपूट, आणि रंग पिवळा. काळ्याच्या जागी राखाडी.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गंमत आहे. भाचा मात्र पुठ्ठा फांदीसमोर धरून डोळे चोळत राहिला. तांबड्याचा पिवळा आणि काळ्याचा राखाडी, म्हणजे सगळंच एकेक पायरी फिकं! त्याने ताडलं, पाखरू आहे तेच आहे, गेलेत ते आपले डोळे. तिसऱ्या दिवशी पिवळं. चौथ्या दिवशी पुन्हा तांबडं, तेव्हा जरा जीव भांड्यात पडला. पाचव्या दिवशी पिवळं. डोळे एकदम गेले असते तर परवडलं असतं, पण हे येऊन-जाऊन चाललेलं.

शेजारी पत्रा ठोकणारा डेंटर, त्याला सगळे ठोक्या म्हणतात. भाच्याने त्याला हाक मारली.

"ए ठोक्या, ते पाखरू तुला कुठल्या रंगाचं दिसतं?"

ठोक्याचं डोकं गाडीच्या दारात. "कुठलं पाखरू?"

"ते काय, फांदीवर. अरे, उडालं!"

"मग उडालेल्या रंगाचं असेल," म्हणून ठोक्याची हातोडी पुन्हा सुरू.

त्या दिवसापासून भाच्याचा हात कचरायला लागला. एक रंग तीनतीनदा कालवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून, "हा तुला लालच दिसतो ना?" एका साध्या लाल गाडीला दोन दिवस लावले. घरी बायकोला विचारतो, "पडदा हिरवाच आहे ना गं आपला?" आता माझी भाचेसून म्हणजे काही भोळी सांब नव्हे. ताट वाढता वाढता म्हणाली, "पडदा तुम्हीच आणलात, हिरवा म्हणून भांडून आणलात. काय झालंय ते सांगा, नाहीतर भाजी मिळणार नाही."

मी तेव्हा त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो. त्याने घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. म्हणाला, "उद्या मालकांना सांगतो, रंग दुसऱ्या कुणाकडे द्या. मला पॉलिशवर घाला. पॉलिशला डोळे लागत नाहीत, हात लागतात." सव्वीस वर्षांचा शेडमास्तर पॉलिश करणार! पण सूनबाईने दुसऱ्याच दिवशीची अकराची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि बजावलं, "आधी डॉक्टर, मग मालक. त्याआधी तोंड उघडाल तर बघा."

सकाळी तो कामावर गेला. दहाच्या सुमाराला मी आणि सूनबाई त्याला न्यायला गेलो. हा मागच्या दाराशी उभा, हात धुतलेले, चेहरा उतरलेला.

"बोललात मालकांशी?" ती म्हणाली.

"नाही. पण थांब जरा. ती फांदी बघ. कुठला रंग?"

"लाल."

"नक्की?"

"मग काय लेखी देऊ? लालभडक आहे."

"आज मलाही लालच दिसतंय," तो सुस्कारा टाकत म्हणाला. "पण त्याचं काही खरं नाही. उद्या ये, पिवळं दिसेल."

"उद्या कशाला? ते पिवळं आत्ताच आहे की!"

"कुठे?"

"अहो, त्याच्या मागे. पानाआड. माझ्या बोटाकडे नका बघू, झाडाकडे बघा!"

मीही बघितलं. एका फांदीवर, वीतभर अंतराने, एक तांबडं आणि एक पिवळं. दोघांच्या चोचीत अळ्या. भाचा एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. मग हळूच टायरांच्या राशीवर बसला आणि म्हणाला, "दोन आहेत गं."

"दोन कुठली! वर बघा, तीन तोंडं आ करून बसलीत."

खरंच, वरच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं, आणि काठावर तीन उघड्या चोची. पिल्लं अंड्यांतून बाहेर पडेपर्यंत एकाने घरटं सांभाळायचं, दुसऱ्याने बाहेर हिंडायचं, अशी आळीपाळी चालली असणार. आता तीन पोटं भरायची म्हटल्यावर दोघांनाही बाहेर पडणं भाग आलं.

भाचा हसायला लागला तो थांबेना. डोळे पुसतोय आणि हसतोय. तो गलका ऐकून ठोक्या हातोडी खाली ठेवून बाहेर आला, वर बघितलं आणि म्हणाला, "हे होय पाखरू! आणि मला वाटलं, तू मला बनवतोयस."

"आता उठा, अकरा वाजतील," सूनबाई.

"आता कशाला डॉक्टर?"

"वेळ घेतलीय म्हणून! आठवडाभर माझ्या पडद्याला नावं ठेवलीत, निदान डोळे तरी दाखवून या."

डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांची पानं पुढे धरली, त्या ठिपक्यांत आकडे ओळखायचे. आमच्या शेडमास्तराने पान उलटायच्या आत आकडे सांगितले, आणि वर डॉक्टरलाच ऐकवलं की तुमचं चौथं पान उन्हाने उडालंय, बदलून घ्या. डॉक्टर म्हणाले, "डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, या आता."

बाहेर पडल्यावर गडी असा चालत होता की मला धाप लागली. वाटेत तारेवर काहीतरी बसलेलं दिसलं की थांबायचा, मान वाकडी करून बघायचा, स्वतःशी काहीतरी पुटपुटायचा, 'निळा, थोडा पांढरा,' आणि पुन्हा निघायचा. मला राहवेना. मी म्हटलं, "अरे शहाण्या, इतकी पाखरं बघितलीस, आणि तांबडं एक, पिवळं एक, ही दोन निराळी असतील हे एकदाही डोक्यात आलं नाही?"

तो रस्त्यातच थांबला आणि म्हणाला, "मामा, सव्वीस वर्षं मी बांध्यावरून ओळखतोय. तेच नाक, तीच शेपूट आणि रंग फिका, म्हणजे आमच्यात एकच अर्थ, रंग गेलाय. गाडी कधी जोडप्याने येते का हो?"